यहुदी याजकांचा न्यायाधिकार : अहरोनापासून कोकणच्या काजींपर्यंत

प्रभु येशू ख्रिस्ताने गालीलात एका कुष्ठरोग्यास स्पर्श करून बरे केले, ही कथा आपण सर्वांनी मंदिरात अनेकवार ऐकलेली आहे. रोग गेला, कातडी निर्मळ झाली. तथापि प्रभूने त्या मनुष्यास तसेच घरी जाऊ दिले नाही. आधी याजकाकडे जाऊन आपले अंग त्यास दाखवावे आणि मोशेने नेमून दिलेले अर्पण करावे, अशी सक्त ताकीद त्यास दिली. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात हे आले आहे. प्रवचन ऐकताना आपले लक्ष चमत्काराकडे असते, आणि ते योग्यच होय. परंतु या ताकिदीपाशी क्षणभर थांबले असता मनात एक प्रश्न उभा राहतो. रोग गेला की नाही हे सांगावयास वैद्य का नको? गावचा पंच का नको? ज्याचे काम वेदीवर होम करण्याचे, त्याच्या शब्दावाचून बरा झालेला मनुष्य देखील आपल्या बायकामुलांत परत का जाऊ शकत नव्हता?

याचे उत्तर असे, की याजकाचा तो शब्द वैद्यकीतला नव्हता. तो निवाडा होता. लेवीय ग्रंथाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत त्याची पद्धत बारकाईने सांगितली आहे. अंगावर डाग दिसला की मनुष्यास अहरोनाकडे किंवा त्याच्या वंशातील एखाद्या याजकाकडे आणावे. डागावरील केस पांढरा झाला आहे काय, डाग कातडीहून खोल गेला आहे काय, हे याजकाने पाहावे. शंका वाटल्यास त्या मनुष्यास सात दिवस कोंडून ठेवावे व सातव्या दिवशी पुन्हा पाहावे. औषध देणे, लेप लावणे हे त्याचे काम नव्हे. त्याने केवळ ‘शुद्ध’ किंवा ‘अशुद्ध’ असे म्हणावयाचे. ‘अशुद्ध’ म्हटले, की त्या मनुष्याने वस्त्रे फाडावी, केस मोकळे सोडावे आणि वस्तीबाहेर एकटे राहावे. ‘शुद्ध’ म्हटले, की तो पुन्हा माणसांत आला. घर, शेत, सोयरीक, प्रार्थना, सर्व काही त्या एका शब्दावर टांगलेले असे.

हा शब्द उच्चारण्याचा अधिकार याजकाकडे कसा आला, कसा वाढला, कसा हातचा गेला, आणि शेवटी आपल्याच कोकणकिनाऱ्यावर वसलेल्या एका लहानशा समाजात त्याचे काय झाले, हे या महोत्सवाच्या पुस्तिकेत यथाशक्ति सांगण्याचा विचार आहे.

प्रथमच एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्राचीन इस्राएलात सर्व न्याय याजकच करीत असत, असे बहुतेकांस वाटते. ते खरे नाही. निर्गम ग्रंथात मोशेचा सासरा इथ्रो आपल्या जावयास जो सल्ला देतो, तो नीट वाचावा. देवभीरू, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असलेले पुरुष निवडून त्यांस हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नेमावे, असे तो सांगतो. त्यांत याजकांचे नावही नाही. पुढे लोक कनान देशी स्थिर झाल्यावर रोजचे तंटे गावाच्या वेशीवर मिटत. रूथच्या कथेत बवाज बेथलेहेमच्या वेशीत जाऊन बसतो, दहा वडील माणसांस बोलावतो, आणि जमिनीचा व विधवेचा प्रश्न पायातील वहाण काढून देण्याच्या रीतीने तेथल्या तेथे निकालात निघतो. आपल्याकडील चावडीवरची पंचायत डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे ते चित्र स्पष्ट होईल. त्या पंचायतीत याजक नव्हता. त्याची कोणास उणीवही भासली नाही.

मग याजकाचा प्रांत कोणता? जेथे मनुष्याचा पुरावा संपतो तेथे त्याचा प्रांत सुरू होई. प्रमुख याजकाच्या उरपट्टात उरीम व थुम्मीम असत. त्यांच्या योगे देवाचा कौल घेतला जाई. पतीस पत्नीविषयी संशय आला आणि साक्षीदार कोणीच नसला, तर गणना ग्रंथाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे याजक त्या स्त्रीस मंदपाच्या जमिनीवरील धूळ घातलेले पाणी पाजी. आपल्याकडे पूर्वी ज्यास ‘दिव्य’ म्हणत, त्याच जातीचा हा प्रकार होय. याखेरीज पवित्र काय व सामान्य काय, शुद्ध काय व अशुद्ध काय, याचा निर्णय त्यानेच द्यावयाचा. अशा निर्णयास ‘तोरा’ म्हणत. पुढे हाच शब्द मोशेच्या संपूर्ण नियमशास्त्रास लागला. परंतु मुळात याजकाच्या मुखातून निघालेली शिकवण, हा त्याचा एक अर्थ होता. इ. स. पूर्वी ५२० साली हाग्गय संदेष्टा याजकांस मुद्दाम विचारतो, की पवित्र मांस वस्त्राच्या पदरात बांधले व तो पदर भाकरीस लागला, तर ती भाकर पवित्र होते काय? याजक नाही म्हणतात. प्रेतास शिवलेल्या मनुष्याने भाकरीस हात लावला तर? ती अशुद्ध होते, असे ते सांगतात. संदेष्ट्यास त्यातून आपला उपदेश काढावयाचा होता; पण ‘तोरा’ विचारण्याची रीत कशी असे, याचा हा उत्तम नमुना आपणांस मिळतो.

या दोन प्रांतांची गाठ अनुवाद ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात पडते. खून, मिळकत किंवा मारहाण यांविषयीचा एखादा खटला वेशीवरच्या मंडळीस फार अवघड वाटला, तर देवाने निवडलेल्या स्थानी जावे आणि तेथील लेवी याजकांस व त्या काळी असेल त्या न्यायाधीशास विचारावे. त्यांच्या निर्णयापासून उजवीकडे वा डावीकडे वळू नये. जो उन्मत्तपणे अवमान करील तो प्राणास मुकावा. याजक आणि न्यायाधीश, दोघांचीही नावे तेथे आहेत. दोहोंत वरचढ कोण, हे सांगितलेले नाही. माझ्या मते पुढच्या साऱ्या इतिहासाचे मूळ या न सांगण्यात आहे.

यहोशाफाट राजाने ही अडचण आपल्यापुरती सोडविली. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात म्हटले आहे, की त्याने यरुशलेमात लेवी, याजक व घराण्यांचे मुख्य यांचे एक न्यायमंडळ बसविले. परमेश्वराच्या बाबींत प्रमुख याजक अमऱ्या याने वर असावे व राजाच्या बाबींत जबद्या याने. व्यवस्था सुटसुटीत खरी. पण परमेश्वराची बाब कोठे संपते व राजाची कोठे सुरू होते, हे कोण ठरविणार?

हा प्रश्न यिर्मयाच्या प्रकरणात जिवावर बेतला. इ. स. पूर्वी ६०९ च्या सुमारास, यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या प्रारंभी, यिर्मयाने मंदिराच्या अंगणात उभे राहून सांगितले, की तुम्ही वागणूक सुधारली नाही तर हे मंदिरही शिलोप्रमाणे ओसाड पडेल. स्वतः यिर्मया अनाथोथ गावच्या याजक घराण्यातला. पण ज्यांनी त्यास धरले ते याजकच. त्यांनी त्याच्या मरणाची मागणी केली. येथे बारकाईने पाहावे. गुन्हा मंदिरात घडलेला, मंदिराविषयीचा. म्हणजे उघडउघड ‘परमेश्वराची बाब’. तरीही निवाडा याजकांनी केला नाही. राजवाड्यातून सरदार वर आले, मंदिराच्या नव्या दरवाजाशी बसले, आणि याजकांस त्यांच्यापुढे फिर्यादी म्हणून उभे राहावे लागले. मग देशातील काही वडील माणसे उठली. हिज्कीया राजाच्या काळी मीखा संदेष्ट्यानेही यरुशलेमचा नाश होईल असे सांगितले होते. राजाने त्यास मारले काय, असा दाखला त्यांनी दिला. पूर्वीच्या निवाड्याचा आधार घेऊन आरोपीचा जीव वाचविल्याचे हे उदाहरण वकिलीच्या अभ्यासकांनीही पाहण्याजोगे आहे. शाफानाचा मुलगा अहीकाम पाठीशी राहिला आणि यिर्मया सुटला.

तरी याजक अगदी दुबळे होते असे नव्हे. त्याच ग्रंथात पशहूर नावाचा याजक, जो मंदिराचा मुख्य अंमलदार होता, यिर्मयास फटके मारवितो व रात्रभर खोड्यात अडकवून ठेवतो. म्हणजे मंदिराच्या भिंतीच्या आत दंडा याजकाचा. पण प्राण घेण्याचा अधिकार त्याच्या हाती नव्हता.

इ. स. पूर्वी ५८६ साली बाबेलच्या लोकांनी मंदिर जाळले. राजा कैदेत गेला, सरदार मारले गेले, वेशी कोसळल्या. आता ज्या गोष्टी उरल्या त्या दोन : वंश आणि ग्रंथ. देशोधडीस लागलेल्या याजकांपैकीच एक यहेज्केल संदेष्टा होता. भावी मंदिराचा जो नकाशा त्याने रेखाटला, त्यात तंट्यांचा न्याय याजकांनीच करावा, असे प्रथमच निःसंदिग्धपणे म्हटलेले आढळते. परत आल्यावर वंशाची किती कडक तपासणी झाली, हे एज्राच्या दुसऱ्या अध्यायात पाहावे. काही घराण्यांस आपली वंशावळ सापडेना. त्यांस याजकपणातून काढून टाकले, आणि उरीम-थुम्मीम धारण करणारा याजक उत्पन्न होईपर्यंत त्यांनी परमपवित्र अन्न खाऊ नये, असे अधिपतीने फर्माविले. तसा याजक पुढे उत्पन्न झाला नाही.

एज्रा हा अहरोनाच्या वंशातील याजक आणि त्याचबरोबर शास्त्री. परंपरागत गणनेप्रमाणे इ. स. पूर्वी ४५८ साली पारशी सम्राट अर्तहशश्त याचे पत्र घेऊन तो यरुशलेमास आला. त्या पत्राने त्यास न्यायाधीश नेमण्याचा अधिकार दिला. नियम मोडणाऱ्यास देहदंड, हद्दपारी, जप्ती किंवा कैद देण्याचीही सत्ता दिली. मोशेच्या नियमशास्त्राच्या पाठीशी परक्या बादशहाचा शिक्का उभा राहिला, हे येथे विसरता कामा नये. आणखी एक गोष्ट. परक्या स्त्रियांशी लग्ने केलेल्यांची जी यादी एज्राच्या दहाव्या अध्यायात आहे, तिच्या अग्रभागी याजकांचीच नावे आहेत. ज्या एज्राने ती चौकशी चालविली तो याजक खरा. पण लोकांनी त्यास मानले ते त्याच्या हाती ग्रंथ होता आणि तो वाचून समजावून सांगता येत होता म्हणून. वंश आणि विद्या ही तोपर्यंत एकाच माणसात नांदत होती. त्यांची फारकत पुढे झाली.

पारशी व ग्रीक अमलाखाली राजा नसल्यामुळे प्रमुख याजक हाच राष्ट्राचा मुखत्यार झाला. इ. स. पूर्वी ३०० च्या सुमारास हेकाटायस नावाच्या ग्रीक लेखकाने यहुद्यांविषयी लिहिताना, मोठे खटले याजक चालवितात आणि प्रमुख याजकाचा शब्द ते देवाचा निरोप म्हणून मानतात, असे नमूद केले आहे. आपल्या कॅथोलिक पवित्र शास्त्रात असलेल्या बेनसिराच्या ग्रंथातही अहरोनास विधी व न्याय यांवर अधिकार दिल्याचे गौरवाने सांगितले आहे. याजकांच्या न्यायाधिकाराचा हा मध्याह्न होय.

परंतु ज्या पदास एवढी सत्ता, त्याची बोली लागावयास वेळ लागत नाही. इ. स. पूर्वी १७५ साली जेसन याने अंतियोखस राजास रकमेचे वचन देऊन प्रमुख याजकपद मिळविले. तीनच वर्षांनी मेनेलाऊस याने अधिक रक्कम देऊन ते त्याच्याकडून हिरावून घेतले. मक्काबी वीरांनी धर्म वाचविला, हे खरे. पण त्यांपैकी योनाथानाने इ. स. पूर्वी १५२ साली ते पद स्वीकारले तेही एका ग्रीक राजाच्या देणगीने. इ. स. पूर्वी १४० साली लोकांच्या सभेने शिमोनास कायमचा प्रमुख याजक केले, तेव्हा विश्वसनीय संदेष्टा उत्पन्न होईपर्यंत, अशी पुस्ती त्या ठरावास जोडली. त्या पुस्तीत लोकांच्या मनाचा किंतु दिसतो.

याच काळी परूशी पुढे आले. ते बहुधा याजक नव्हते. शास्त्र जाणणारे गृहस्थ होते. रोमन सत्ता आल्यावर तर प्रमुख याजकपद केवळ सरकारी नोकरी बनले. हेरोदाच्या काळापासून मंदिराच्या नाशापर्यंत, म्हणजे सुमारे शंभर वर्षांत, अठ्ठावीस प्रमुख याजक झाले, असा हिशेब योसेफस या इतिहासकाराने दिला आहे. तो स्वतः याजक कुळातला होता. प्रमुख याजकाची पवित्र वस्त्रे अंतोनिया किल्ल्यात कुलपात ठेवलेली असत व सणापुरती बाहेर काढून देत. वस्त्रे कुलपात आणि वस्त्रे धारण करणारा मुठीत, अशी ती राजनीति.

प्रभूच्या चौकशीची हकीकत वाचकांस पाठ आहे. ती येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. आपल्या विषयापुरते इतकेच पाहावे, की हन्ना पदावरून दूर झालेला असूनही प्रभूस प्रथम त्याच्याकडे नेले, मग त्याचा जावई कयफा याच्याकडे, आणि शेवटी कोणास जिवे मारण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे त्यांस पिलातापुढे स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागले. सहाशे वर्षांपूर्वी यिर्मयाच्या वेळी जी मर्यादा होती, तीच मर्यादा. या कृत्याचा दोष साऱ्या यहुदी प्रजेवर ठेवणे अन्यायाचे आहे, हे पवित्र सभेने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट सांगितले. आणि इतिहासाकडे पाहताही असे दिसते, की तो काही पदाधिकाऱ्यांचा व एका रोमन सुभेदाराचा व्यवहार होता. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात त्याच न्यायसभेत गमलियेल नावाचा परूशी शास्त्री उभा राहतो व प्रेषितांचा जीव वाचवितो. तो बोलतो, आणि याजक ऐकतात. वारे कोणीकडे वाहत होते, हे त्यावरून ओळखावे.

इ. स. ६२ साली याचे आणखी स्पष्ट प्रत्यंतर आले. सुभेदार फेस्तस मरण पावला होता आणि नवा सुभेदार अल्बीनस वाटेत होता. मधल्या दिवसांत हन्नाचा मुलगा अनानस, म्हणजे कयफाचा मेहुणा, प्रमुख याजक होता. ही संधी साधून त्याने न्यायसभा भरविली, प्रभूचा बंधु म्हणविला जाणारा संत याकोब व आणखी काही जण यांवर नियमभंगाचा आरोप ठेवला व त्यांस दगडमार करविला. योसेफस सांगतो, की शहरात नियमशास्त्राविषयी जे अतिशय काटेकोर म्हणून गणले जात, त्यांसच हे असह्य झाले. सुभेदाराच्या परवानगीवाचून अशी सभा भरविण्याचा अनानसास अधिकार नव्हता, अशी तक्रार घेऊन काही जण अल्बीनसास वाटेतच भेटले. तीन महिन्यांत अनानस पदच्युत झाला. शास्त्राचे कैवारी एका बाजूस आणि शास्त्राचा वंशपरंपरागत अधिकारी दुसऱ्या बाजूस, अशी ती स्थिती झाली होती.

आठ वर्षांनी, इ. स. ७० साली, रोमन सैन्याने मंदिर जाळले. वेदी गेली, अर्पणे गेली; याजकांची घराणी राहिली, पण त्यांचे काम राहिले नाही. योहानान बेन जक्काई नावाच्या शास्त्र्याने याव्ने गावी शिष्य जमवून न्यायसभा चालू केली. पूर्वी नववर्षाचा सण शब्बाथ दिवशी आल्यास शिंग केवळ मंदिरातच फुंकीत. त्याने ठरविले, की जेथे जेथे न्यायसभा असेल तेथे ते फुंकावे. मंदिराच्या जागी न्यायसभा बसली, ती अशा लहानशा ठरावांनी.

इ. स. २०० च्या सुमारास यहूदा हानासी याने मिश्ना हा संग्रह सिद्ध केला. त्यात या दोन अधिकारांच्या जुन्या कुरबुरी मोठ्या प्रांजळपणे नोंदलेल्या आहेत. तोबिया नावाच्या वैद्याने यरुशलेमात नव्या चंद्राची कोर पाहिली. त्याच्या मुलाने व त्याने मुक्त केलेल्या गुलामानेही पाहिली. कोर दिसल्याची साक्ष पटल्यावाचून महिना सुरू होत नसे व सणांच्या तिथि ठरत नसत. याजकांनी बापाची व मुलाची साक्ष मानली, गुलामाची नाकारली. तिघे न्यायसभेपुढे गेले. तेथे बापाची व गुलामाची साक्ष ग्राह्य ठरली, मुलाची नातलग म्हणून अग्राह्य. एकास कुळ पाहावयाचे होते, दुसऱ्यास साक्षीचा नियम. एका गावात दोन अधिकार असले म्हणजे साध्या माणसाची कशी ओढाताण होते, हे आपल्या शिवाजी पार्काच्या परिसरातील कॅथोलिकांस समजावून सांगणे नको. १७९४ साली दादरचे साल्व्हासांव मंदिर पोर्तुगीज पाद्रोआदोकडे आणि माहीमचे संत मिखाएल मंदिर प्रोपागंदाकडे गेले, आणि मैलभराच्या अंतरावर राहणारे सोयरे १९२८ च्या करारापर्यंत दोन धर्माधिकाऱ्यांच्या छत्राखाली नांदले.

आता आरंभीच्या कुष्ठरोग्याकडे वळू. मिश्नाचा नियम असा, की डाग तपासण्यास कोणीही जाणता मनुष्य चालेल. परंतु शुद्ध किंवा अशुद्ध हे म्हणावयाचे मात्र याजकानेच. याजक अडाणी असला तर शास्त्र्याने त्यास सांगावे, ‘अशुद्ध’ असे म्हण. की त्याने म्हणावे. ज्ञान एकाचे, जीभ दुसऱ्याची! आणि हे केवळ परूशी शास्त्र्यांचेच मत होते असेही नाही. दमास्कस ग्रंथ म्हणून जो प्राचीन लेख कैरो येथे सापडून १९१० साली छापला गेला व ज्याच्या प्रति पुढे मृत समुद्राकाठच्या गुहांत मिळाल्या, त्यातही जवळजवळ हाच नियम आहे : याजक भोळसट असला तरी कोंडून ठेवण्याचा हुकूम त्यानेच द्यावयाचा, अध्यक्षाने त्यास नियमाचा अर्थ समजावून द्यावा. तो पंथ याजकांस फार मानणारा होता; त्यालाही हे कबूल करावे लागले. मिश्नेत अन्यत्र तर असे म्हटले आहे, की अनौरस पण विद्वान मनुष्याचा मान अडाणी प्रमुख याजकाच्या आधी आहे. विशेष हे, की याच सुमारास, मंदिर पडून वीस-पंचवीस वर्षे झाल्यावर, योसेफस ग्रीक वाचकांस सांगत होता, की आमच्यात सर्व तंट्यांचे न्यायाधीश याजकच असतात. गेलेल्या वैभवाचे वर्णन मनुष्य बहुधा वर्तमानकाळातच करतो.

यापुढे यहुदी समाज जेथे जेथे गेला, तेथे तेथे याजकांचे वंशज ‘कोहेन’ या नावाने राहिले. प्रार्थनामंदिरात ग्रंथवाचनास प्रथम उठण्याचा आणि लोकांस आशीर्वाद देण्याचा मान त्यांस उरला. न्याय मात्र रब्बीचा, म्हणजे विद्येचा, झाला. पण ज्या ठिकाणी कोहेनही नाही आणि रब्बीही नाही, तेथे शास्त्राचा शब्द कोणी उच्चारावा? याचा प्रयोग इतिहासाने आपल्या दाराशी करून ठेवला आहे.

शिवाजी पार्काहून वरळीमार्गे महालक्ष्मीकडे जाताना डॉ. ई. मोझेस मार्ग लागतो. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले हे गृहस्थ बेने इस्राएल समाजाचे. या समाजाची परंपरा अशी, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले; सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या; बुडालेल्यांस तेथेच मूठमाती दिली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या व १९३७ साली तेल अवीव येथे छापलेल्या समाजाच्या इतिहासात हे आगमन अंतियोखसाच्या छळाच्या काळी, इ. स. पूर्वी १७५ च्या सुमारास, घातले आहे. म्हणजे जेसनाने याजकपद विकत घेतले तोच काळ. हा परंपरेचा हिशेब होय, पुराव्याचा नव्हे; तथापि योगायोग मनात भरल्यावाचून राहत नाही.

हे लोक कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शनवार तेली म्हणविले गेले. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध, एकाच देवाच्या नावाची हाक, एवढे त्यांनी शतकानुशतके जपले. ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरली होती, आणि त्यांच्यात कोहेन घराणीही नव्हती. परंपरा सांगते, की पुढे दावीद रहाबी नावाचा यहुदी तेथे आला. त्याने झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतील तरुण निवडून त्यांस शिकविले आणि धर्मकृत्ये त्यांच्या हाती सोपविली. त्यांस लोक ‘काजी’ म्हणू लागले. शब्द पाहा! अहरोनाचा वंश नाही, यरुशलेमचे पीठ नाही. मुसलमानी अमलातील न्यायाधीशाचे नाव घेऊन मराठी बोलणारा यहुदी पुरोहित गावोगाव फिरतो, लग्ने लावतो, सुंता करतो आणि तंटेही ऐकतो. गावातील समाजाचा कारभार एकोणिसाव्या शतकापर्यंत मुकादम, काजी, चौगुले, गबाई, हजान व शमाश अशा मंडळीकडे असे. त्यांतील अर्धी नावे मराठी गावकीची आणि अर्धी हिब्रू प्रार्थनामंदिराची आहेत. मला तर बवाजाची वेशीवरची बैठक आणि यहोशाफाटाचे मंडळ दोन्ही येथे एकत्र बसलेली दिसतात.

मग मुंबई आली. समाजी हसाजी दिवेकर या फौजी अंमलदाराने १७९६ साली मांडवी येथे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कोचीनहून हिब्रू जाणणारे हजान आले, ग्रंथ आले. १८४६ साली वल्हांडणाच्या रात्रीची उपासना मराठी भाषांतरासह मुंबईत छापून निघाली. जे काजीच्या तोंडी होते ते आता घरोघर कागदावर आले, आणि काजीचे महत्त्व ओसरत गेले. याव्नेत जे घडले तेच येथे घडले, परंतु कोणासही काढून न टाकता.

तथापि न्यायसभा मुंबईत स्थापन झाली नाही. म्हणून बेंजामिन विरुद्ध बेंजामिन या खटल्यात, ज्याचा निवाडा १९२६ सालच्या विधिवृत्तांत छापला गेला, यहुदी दांपत्याच्या घटस्फोटाचा निर्णय देण्याचा अधिकार मुंबईच्या उच्च न्यायालयाने आपलाच मानला. मोशेच्या शास्त्राचा एक प्रश्न ओव्हल मैदानासमोरच्या त्या काळ्या दगडी इमारतीत ख्रिस्ती राजाच्या न्यायाधीशाने सोडविला.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. तेथे विवाहाचा अधिकार रब्बींच्या धर्मपीठाकडे होता. ज्या समाजास कित्येक शतके रब्बी नव्हते, त्याच्यात घटस्फोट शास्त्रोक्त लेखाने झाले असतील काय, निपुत्रिक विधवेच्या दिराविषयीचे नियम पाळले गेले असतील काय, अशी शंका तेथील काही रब्बींनी काढली. १९६१ साली धर्मपीठाने त्यांच्याशी विवाह ग्राह्य ठरविले. परंतु मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळी फेब्रुवारी १९६२ मध्ये निघालेल्या सूचनेत बेने इस्राएलांचे नाव घेऊन, त्यांच्या वधूवरांच्या आईच्या व आजीच्या कुळाची, जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन, चौकशी करावी, असे नोंदणी करणाऱ्यांस सांगितले. ज्यांनी ग्रंथावाचून शब्बाथ जपला, त्यांस एज्राच्या काळच्या त्या वंशावळ हरवलेल्या घराण्यांच्या रांगेत उभे केले गेले. कोकणातील खेड्यात वाढलेल्या पणजीचा घटस्फोट कोणत्या कागदावर झाला, याचा दाखला कोण आणणार? लग्ने अडली. १९६४ च्या उन्हाळ्यात स्त्रिया-मुलांसह शेकडो लोक यरुशलेमात निदर्शने करीत बसले. ऑगस्टमध्ये तेथील संसदेने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत, असा सरकारचा अभिप्राय मान्य केला. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुख्य धर्मपीठाने आपल्या सूचनेतून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढून टाकले. ज्याच्या कुळाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असे सामान्य शब्द त्या जागी घालण्यात आले.